जहाज धक्क्याला लागतं तेव्हा

कुणी गटाची बैठक आटोपून ऐकत असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता. आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे, पण तो आम्ही काढलेला नाही, तुमच्यातल्याच एका ताईंनी काढलाय. त्यांच्या मुलाने मोबाईलवर त्यांना एक व्हिडिओ दाखवला. शिडांचं भलं मोठं जहाज बंदरात शिरतंय आणि दोन बुटक्या, जाड्या बोटी त्याला अंगाने रेटतायत. ताईंनी निरोप पाठवला, "सातासमुद्रांवरून आलेल्या जहाजाला शेवटच्या चार पावलांना ह्या पिटुकल्या बोटी कशाला लागतात? त्याला स्वतःचं इंजिन नाही का?"

प्रश्न चांगला आहे. त्या बुटक्या बोटींना टग म्हणतात. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली पुरुष माणसं टगवर खलाशी म्हणून कामाला गेलेली आहेत. घरी पैसे येतात, गणपतीला माणूस येतो, पण तो तिकडे नक्की काय करतो हे विचारायचं राहूनच जातं. आम्ही ह्या निमित्ताने विचारलं. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांची अख्खी नोकरी टगवर गेली. मामंजी एरवी कमी बोलतात, पण ह्या विषयावर दोन संध्याकाळी बोलले. त्यांनी सांगितलेलं आणि आम्ही वाचून काढलेलं, दोन्ही मिळून आज सांगतो.

आधी जहाजाबद्दल. आजच्या काळात शिडाची मोठी जहाजं माल नेत नाहीत. ती बहुतेक नौदलांची शाळा असतात. तरुण मुलामुलींना वारा, लाट, दोर, उंची ह्यांची सवय व्हावी म्हणून ती चालवतात. आपल्या नौदलाचं 'आयएनएस तरंगिणी' असंच जहाज आहे, तीन डोलकाठ्यांचं, ५४ मीटर लांब. ते गोवा शिपयार्डमध्ये बांधलं, १९९७ साली नौदलात आलं आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. इटलीच्या नौदलाचं 'अमेरिगो वेस्पुची' त्याहून मोठं, पुढचा वासा धरून १०१ मीटर. ते १९३१ साली पाण्यात उतरलं आणि अजून चालतंय. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर ते मुंबईला येऊन गेलं. त्याची मधली डोलकाठी पाण्यापासून ५४ मीटर उंच आहे, म्हणजे सतरा-अठरा मजली इमारत धरा. वजन चार हजार टनांच्या आसपास, म्हणजे भरलेले दीडशेच्या आसपास दहाचाकी ट्रक एकत्र बांधून पाण्यावर सोडावेत तेवढं.

ह्या जहाजांना इंजिन असतं. मग अडतं कुठे?

अडतं ते हळू चालण्यापाशी. जहाजाचं सुकाणू म्हणजे पाण्यातली एक फळी. तिच्यावरून पाणी जोरात वाहत असेल तरच ती जहाजाला वळवते. जहाज वेगात असलं की सुकाणूला पकड असते, मंद झालं की पकड सुटते. आणि धक्क्याजवळ तर मंदच व्हावं लागतं. म्हणजे जिथे बारीक वळायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच सुकाणू हातचं जातं. गाडीसारखा ब्रेक जहाजाला नसतो. इंजिन उलटं फिरवायचं आणि वेग मरायची वाट बघायची, एवढंच. उलट्या फिरणाऱ्या पंख्याने जहाजाची पिछाडी एका बाजूला सरकते, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट वारा. तुम्ही म्हणाल, शिडं तर गुंडाळलेली असतात. हो, पण डोलकाठ्या कुठे गुंडाळता येतात? त्या उभ्याच असतात, त्यांना आडव्या काठ्या असतात आणि सगळीकडे दोरांचं जाळं असतं. 'वेस्पुची'वर तीस किलोमीटरहून जास्त लांबीचा दोर आहे म्हणतात. त्या सगळ्यावर वारा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवा.

गटात करून बघण्यासारखं आहे. फरसाणाचा एखादा लांबट प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला थोडी वाळू घाला आणि पाण्याच्या हौदात सोडा. बाजूने फुंकर मारा, फारसा हलणार नाही. आता त्याच डब्यात वहीचा पुठ्ठा उभा खोचा आणि तेवढीच फुंकर मारा. डबा सरकेल, फिरेल, हौदाच्या कडेला आपटेल. मग डब्याच्या एका टोकाला बोट लावून रेटा. डबा जागच्या जागी फिरतो. दोन बोटांनी दोन्ही टोकांना सारखं रेटलंत, तर तो सरळ बाजूला सरकतो. टगचं सगळं शास्त्र ह्या दोन बोटांत आहे. एक टग पुढच्या टोकाला, म्हणजे आम्ही ज्याला नाळ म्हणतो तिथे, आणि एक पिछाडीला. दोन्ही सारखे रेटले तर जहाज आडवं सरकतं, एकाने रेटलं आणि दुसऱ्याने ओढलं तर फिरतं. इंजिन जहाजाला पुढे-मागे नेतं. आडवं नेणारं त्याच्याकडे फारसं काही नसतं. नवीन जहाजांना नाळेपाशी आडवा पंखा बसवतात, पण जोराच्या वाऱ्यापुढे तोही थकतो.

मग हे जमवायचं कुणी? बंदराबाहेर जहाज आलं की पायलट येतो. विमानाचा नव्हे, बंदराचा. त्या पाण्यातली खोली, वाळूचे उंचवटे, भरती-ओहोटीचा ओढा त्याला पाठ असतो. छोट्या बोटीने तो जहाजापाशी जातो आणि बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून हलत्या जहाजावर चढतो. टगना हुकूम तोच देतो, वॉकीटॉकीवर. मात्र जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. बंदराची वाट पायलटला ठाऊक असते, जहाजाचा स्वभाव कप्तानाला.

इथे आम्ही सारखं "तो, तो" म्हणतोय, पण हुगळी नदीवर रेश्मा निलोफर नाहा ह्या २०१८ साली पायलट झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला पायलट. मूळच्या चेन्नईच्या. हुगळीत वाळू सारखी जागा बदलते, काल खोल होतं ते आज उथळ. तिथून समुद्रातली जहाजं कोलकाता आणि हल्दियाकडे आणायची. वर्षानुवर्षं उमेदवारी करून त्यांनी ते काम मिळवलं. त्यांना नारी शक्ती पुरस्कारही मिळाला. दोराची शिडी साडीत चढता येत नाही, एवढाच काय तो अडसर, आणि त्यावर पँट हा उपाय आहे.

आता प्रत्यक्ष लागणं. मामंजींनी हे आम्हाला ओट्यावर चुलीची लाकडं मांडून दाखवलं.

पहिली गोष्ट वेळेची. भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या आधी पाणी थोडा वेळ थांबतं. आमच्याकडच्या गलबतांपासून मोठ्या जहाजांपर्यंत सगळ्यांना ती वेळ आवडते, कारण ओढा नसतो. नाहीतर वाऱ्याशी आणि पाण्याशी एकदम दोन आघाड्यांवर भांडावं लागतं.

दुसरी गोष्ट, शिडाच्या जहाजाला टगने कुठेही टेकून चालत नाही. मालाच्या जहाजाची बाजू म्हणजे सपाट लोखंडी भिंत, तिच्यावर टगने कुठे रेटायचं त्याच्या खुणाही रंगवलेल्या असतात. शिडाच्या जहाजाची बाजू गोलसर. वर डोलकाठीचे ताणदोर बाहेर आलेले, मध्येच नांगर टांगलेला, कुठे नक्षी. आडव्या काठ्यांची टोकं जहाजाच्या बाजूपेक्षा बाहेर येतात, त्यामुळे टग फार आत घुसला तर त्याची स्वतःची काठी वरच्या काठीत अडकायची. म्हणून धक्क्याला येताना त्या आडव्या काठ्या दोरांनी ओढून तिरक्या फिरवून ठेवतात. तसं केलं की धक्क्यावरच्या क्रेनला किंवा दिव्याच्या खांबालाही त्या लागत नाहीत. नाळेपुढे निघालेला लांब वासा सांभाळायचा तो वेगळा. अंगणात बांबू खांद्यावर घेऊन वळणारा माणूस आठवा, मागचं-पुढचं टोक कुणाला लागेल त्याचा नेम नाही.

आणि टगची ताकद. टगची ओढ टनात मोजतात. टग किनाऱ्याला दोराने बांधून पूर्ण जोराने ओढायला लावतात आणि दोरावरचा ताण मोजतात. हल्ली मोठ्या बंदरांत पन्नास टनांच्या आसपास ओढीचे टग नेहमीचे झालेत. पण जुन्या शिडाच्या जहाजाशी तेवढा जोर करायचाच नसतो. त्याचा पत्रा चेपेल, आतली फासळी वाकेल. मामंजी म्हणाले, "ताकदीचा टग मिळणं सोपं, हलक्या हाताचा टग मास्टर मिळणं कठीण." चांगला मास्टर आधी जहाजाला नुसता टेकतो, कळू न देता. मग पायलटने सांगितलं तेवढंच, आणि "बंद" म्हटलं की त्या क्षणी बंद. आम्हाला ह्यात आमच्या गावातल्या जुन्या सुईणी आठवल्या. ओढाताण करणारी सुईण कुणालाच नको असायची.

टगला दोर बांधलेला असतो की नाही, ह्याने मोठा फरक पडतो. नुसता टेकलेला टग फक्त ढकलू शकतो. बांधलेला टग ढकलतोही आणि ओढतोही, म्हणजे जहाजाला थांबवू शकतो. जहाज धक्क्याकडे जोरात यायला लागलं तर ढकलणारा टग काय कामाचा? मागे खेचणारा हवा. आमच्या मते टगचं खरं काम ढकलणं नाहीच, आवरणं आहे. व्हिडिओत ते दिसत नाही, कारण दोर ताणून उभा असलेला टग काही करतोय असं वाटत नाही.

जहाज धक्क्याजवळ आलं की वरून एक खलाशी बारीक दोरी फेकतो, टोकाला वजनदार गाठ असलेली. धक्क्यावरचे लोक ती पकडून ओढतात, तिच्यामागून जाड दोर येतो, तो लोखंडी खुंट्यावर चढतो. एक दोर पुढे, एक मागे, आणि दोन तिरपे, म्हणजे जहाज धक्क्याला घासून पुढे-मागे सरकू नये. सगळे दोर बसेपर्यंत टग जहाजाला धक्क्याशी दाबून धरतात. वरच्या पाहुण्यांचे फोटो निघत असतात, बँड वाजत असतो, आणि खाली टग इंजिनाचा काळा धूर सोडत तसाच दाबून उभा. भरती-ओहोटीबरोबर जहाज वर-खाली होतं, त्यामुळे दोर बांधून माणूस मोकळा होत नाही, पुढेही तो सैल-घट्ट करत राहावं लागतं.

दोराचं निघालंच आहे तर एक गोष्ट नीट ऐका, विशेषतः ज्यांचा नवरा, मुलगा, भाऊ अशा कामावर आहे त्यांनी. ताणलेला दोर तुटला की तो जागच्या जागी पडत नाही. ताणाने लांबलेला असतो, तो चाबकासारखा उलटा येतो. नायलॉनचा दोर तर फार ताणला जातो, त्यामुळे फार जोरात येतो. हात जातो, पाय जातो, जीवही जातो. आमच्या शेजारच्या वाडीतला एक तरुण मुलगा अशा दोराने पायाला जायबंदी होऊन घरी आला. ज्यांच्याकडे तो कामाला होता त्यांनी औषधपाण्याचे थोडे पैसे दिले आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. त्याच्या आईने आम्हाला विचारलं होतं, "दोर तो काय, त्याने एवढं कसं होईल?" होतं, बायांनो. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, दोर झिजला असेल तर तोंड उघडून सांगायचं. माणूस सुट्टीवर आला की त्याला एवढं जरूर विचारा: तुमच्या टगवर दोर कधी बदलला? अंगावर लाईफ जॅकेट घालतोस का, की ते केबिनमध्ये टांगलेलं असतं? नेमणुकीचा कागद आणि विम्याचा कागद घरी आहे का? कागदाची झेरॉक्स घरातल्या बाईकडे असायलाच हवी.

दुसरा धोका टगचा स्वतःचा. मोठं जहाज पुढे गेलं आणि टगला बांधलेला दोर बाजूने ताणला गेला, तर जहाज टगलाच आडवं ओढतं. टग कलंडतो, काही सेकंदांत उलटा होतो, आतल्यांना बाहेर यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून ओढणाऱ्या टगवर दोर एका झटक्यात सोडता येईल असा आकडा असतो. तो आकडा गंजलेला असला तर त्याचा उपयोग काय, हे मामंजी दोनदा म्हणाले.

आता ज्या घटनेमुळे हा विषय आम्हाला नुसता गमतीचा वाटला नाही, ती सांगतो. १७ मे २०२५ ची संध्याकाळ, अमेरिकेतलं न्यूयॉर्क. मेक्सिकोच्या नौदलाचं 'कुआउतेमोक' नावाचं शिडाचं जहाज मॅनहॅटनच्या धक्क्यावरून निघत होतं. जहाजावर २७७ माणसं. निरोपाचा मान म्हणून तरुण मुलंमुली उंच आडव्या काठ्यांवर ओळीने उभी, पांढऱ्या कपड्यांत. सगळीकडे दिवे, संगीत. जहाज धक्क्यापासून उलटं, म्हणजे पिछाडी पुढे करून बाहेर काढायचं होतं, मग थांबवून समुद्राकडे पुढे जायचं. सोबत पायलट होता, एक टगही होता. पण जहाज थांबलंच नाही. मागे सरकत राहिलं आणि त्याचा वेग वाढत गेला. मागे थोड्याच अंतरावर ब्रुकलिनचा पूल. पुलाखाली मोकळी उंची ४१ मीटरच्या आसपास, आणि डोलकाठ्या ४८ मीटरहून उंच. तीनही डोलकाठ्यांची टोकं पुलाला लागून मोडली. काठ्यांवर मुलं होती. दोघांचा जीव गेला, त्यातली एक वीस वर्षांची मुलगी. अनेकजण जखमी झाले.

तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात आलंय की पुढे जाण्याचे हुकूम एकामागून एक दिले गेले, तरी जहाज मागेच जात राहिलं. टगला पिछाडीला जाऊन रेटायला सांगितलं, आसपासच्या टगनाही मदतीला बोलावलं. पुलाला लागलं तेव्हा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे आपल्या मुलीच्या सायकलचा वेग. पण सायकलवर आणि त्या जहाजावर वजनाचा केवढा फरक! नाळेपाशी असलेल्या टगला मागे पळणाऱ्या जहाजाला गाठून, वळसा घालून, त्याच्या पिछाडीला पोचायचं, आणि हातात मिनिटसुद्धा नाही. दोष कुणाचा ते ठरवणं तपास करणाऱ्यांचं काम, आम्ही त्यात पडत नाही. पण मामंजींना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पिछाडीला एक बांधलेला हवा होता." एवढंच. अमक्या-तमक्यामुळे झालं असं ते म्हणाले नाहीत. पूल किंवा खडक जिकडे असेल तिकडे न सरकू देण्यासाठी उलट्या बाजूला एक टग दोर बांधून आधीच ताणून ठेवावा, ही त्यांची तीस वर्षांची रीत.

टगचे पैसे जहाजाला भरावे लागतात, हे आम्ही मुद्दाम विचारून घेतलं. त्यामुळे एक टग पुरेल की दोन, हा प्रश्न सगळ्या बंदरांत हिशेबाचाही असतो. आम्हाला विचाराल तर, ज्या जहाजाच्या काठ्यांवर लोकांची लेकरं उभी आहेत, तिथे दुसऱ्या टगचा हिशेब करू नये.

टग नव्हते तेव्हा काय करत होते, असंही आमच्यातल्या एकीने विचारलं. वाट बघत होते! खाडीच्या तोंडाशी वारा आणि भरतीची वाट बघत दिवस काढायचे. नाहीतर वल्ह्याच्या होड्या पुढे बांधून माणसांनी जहाज ओढायचं. किंवा होडीतून नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर जहाजावरून गुंडाळत जहाज त्याच्याकडे खेचायचं, मग पुन्हा नांगर उचलून पुढे. वाफेचे टग आल्यावर ते संपलं. इंग्लंडमध्ये टर्नर नावाच्या चित्रकाराने १८३९ साली एक चित्र लोकांसमोर ठेवलं: लढाईत नाव कमावलेलं 'टेमेरेअर' हे शिडाचं जहाज मोडीत काढायला नेतायत, आणि पुढे धूर सोडणारा काळा, ठेंगणा टग. खरं म्हणजे १८३८ मध्ये ते जहाज ओढायला दोन टग होते, चित्रात त्याने एकच काढला. टगवाल्यांची गणती अशी तेव्हापासून अर्धीच होते.

'तारिणी'चं काय, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघून २०१८ च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यालाच परतल्या, ती शिडाची नौका ५६ फुटांची. ती धक्क्याला लावायला टग लागत नाही. हात, दोर आणि सावधपणा पुरतो. टगचा प्रश्न येतो तो 'तरंगिणी'सारख्या जहाजांना, वारा उलटा असला की.

शेवटचा दोर खुंट्यावर चढला, पायलटने "झालं" म्हटलं, की टगचा दोर सुटतो. टग मागे सरतो, वळतो आणि पुढच्या जहाजाकडे जातो. जहाजावर हार-तुरे चालू असतात. टगवर तेव्हा, मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे, कुणीतरी स्टोव्हवर चहा ठेवलेला असतो आणि दुसरा कुणी ओला दोर वेटोळं करून वाळत घालत असतो.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. हौदातल्या डब्याचा प्रयोग ज्या गटात कराल, त्यांनी काय झालं ते नक्की कळवा. आणि घरचा माणूस टगवर, बार्जवर किंवा मचव्यावर असेल तर दोराचं आणि कागदाचं तेवढं विचारून ठेवा. पुढच्या आठवड्यात सुक्या मासळीच्या साठवणीवर बोलणार आहोत. नमस्कार.